गतिरोधक वाढवले की रस्ता सुरक्षित होतो का?

प्रश्न : आमच्या सोसायट्यांमधला रस्ता १२ मीटर रुंद आहे. शाळेची मुलं चालत आणि सायकलवरून जातात. दोन गतिरोधक असूनही गाड्या सुसाट असतात. तिसरा मागावा का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : तिसरा मागू नका, आहेत ते मोजा. हातभर रुंद, वीतभर उंच डांबरी उंचवट्यावर गाडी क्षणभर हळू होते आणि लगेच वेग घेते. सायकलवरचं मूल मात्र दणका चुकवायला गटाराजवळच्या फटीत शिरतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापानुसार गोलाकार गतिरोधक प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर आणि मध्यभागी १० सेंमी उंच असतो. त्यावरून ताशी २५ किमीने जाता येतं.

खरं दुखणं मोकळ्या रुंदीत आहे. समोर ऐसपैस डांबर दिसलं की पाय ॲक्सिलरेटरवर जातोच. तुमच्या १२ मीटरची वाटणी अशी करता येईल : दोन्हीकडे १.८ मीटरचे पदपथ, मध्ये २.७५ मीटरच्या दोन मार्गिका, एकाच बाजूला २ मीटर पार्किंग, उरलेले ०.९ मीटर झाडं आणि दिव्यांच्या खांबांना. खांब पदपथात रोवले, तर पदपथ असून नसल्यासारखा.

शाळेसमोरचं क्रॉसिंग पदपथाच्या पातळीपर्यंत उचला आणि त्याआधीचे ५ मीटर पार्किंगमुक्त ठेवा. उभ्या गाडीआडून निघणारं मूल चालकाला दिसत नाही, धोका तिथेच आहे. इतर ठिकाणी पदपथ १५ सेंमीपेक्षा उंच नको. त्यावर चढायचा उतार १:१२ चा, म्हणजे १५ सेंमी उंचीला १.८ मीटर लांब. उंच पदपथावर आजी-आजोबा चढत नाहीत, रस्त्यावरूनच चालतात.

अर्जाआधी वेग मोजा. ५० मीटरवर खडूने दोन रेघा मारा. ते अंतर ६ सेकंदांच्या आत कापणारी गाडी ताशी ३० किमीच्या वर आहे. आकडे क्षेत्रीय कार्यालयाला द्या, पार्किंगबंदीसाठी वाहतूक शाखेलाही. काँक्रीट ओतण्याआधी शंकू आणि चुन्याच्या रेघांनी चाचणी मागा. चुकलेलं वळण तेव्हा फुकटात सुधारतं.

प्रश्न : सायकलसाठी वेगळा पट्टा रंगवून घ्यावा का?

उत्तर : या रस्त्यावर नको. नुसत्या रंगाच्या पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात आणि सायकल वाहतुकीच्या मध्यात ढकलली जाते. वेग ३० च्या आत आला की सायकल मार्गिकेतच चालू शकते. गटाराच्या जाळ्या मात्र आजच पाहा : फटी प्रवासाच्या दिशेला समांतर असतील तर चाक अडकतं, त्या आडव्या बसवून घ्या.