चार थ्रेड चार कोअरवर स्थिर का बसत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लिनक्सचा लॅपटॉप, खरे कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग) चार पण सिस्टिम मॉनिटरमध्ये आठ दिसतात. प्रोग्रॅमचे चार थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) अखंड आकडेमोड करतात, तरी शंभर टक्क्यांची रेघ या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारते. हे कशासाठी, आणि थ्रेड कोअरला बांधून टाकावेत का?

बांधू नका. कारण सांगतो.

वर बसून सगळ्या कोअरना कामं वाटणारा कुणी मुकादम कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नसतो. प्रत्येक कोअर शेड्यूलरचा (कुणाला कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाचा) तोच कोड स्वतः चालवतो आणि त्याची स्वतःची रांग असते. लिनक्स २.४ पर्यंत सगळ्यांची मिळून एकच रांग होती. तिला एकच कुलूप (एका वेळी एकाच प्रोसेसरला आत सोडणारं), त्यामुळे प्रोसेसर वाढले की तिथेच खोळंबा व्हायचा. २००३ च्या शेवटी २.६ आलं तेव्हापासून रांगा वेगळ्या झाल्या. रांगेतल्या कुणाला आधी घ्यायचं हे २००७ पासून सीएफएस नावाचा शेड्यूलर ठरवायचा, २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून ईईव्हीडीएफ नावाचा ठरवतो. दोन्हींचा पाया एकच: ज्याला वाट्यापेक्षा कमी वेळ मिळालाय, त्याचा हक्क आधी.

रांगा वेगळ्या केल्या की एक नवा पेच येतो: एका रांगेत दोघं ताटकळताहेत आणि शेजारचा कोअर रिकामा. तुमच्या उड्यांचं मूळ इथेच आहे. समजा, तुमचा थ्रेड कोअर ३ वर चालू आहे. तेवढ्यात कर्नलचं एखादं छोटं काम जागं होतं, जे कोअर ३ वरच व्हायला हवं असतं. तुमचा थ्रेड क्षणभर बाजूला होऊन रांगेत थांबतो. त्याच वेळी कोअर ६ मोकळा होतो, आजूबाजूच्या रांगा तपासतो आणि थांबलेला थ्रेड स्वतःकडे ओढून घेतो. कोअर ३ ने त्याला हाकललेलं नसतं, रिकाम्या कोअरने नेलेलं असतं. हा फरक लक्षात आला की बाकीचं आपोआप उलगडतं.

दुसरं कारण तुमच्या ‘आठ’मध्ये आहे. त्यातले दोन-दोन मिळून एक खरा कोअर. दोन थ्रेड एकाच खऱ्या कोअरवर आले आणि दुसरा अख्खा कोअर मोकळा असला, तर त्यांतला एक चालू असतानाही हलवला जातो. हे तुमच्या फायद्याचंच आहे.

हलवणं फुकट नसतं. रजिस्टर (कोअरमधल्या चालू आकड्यांच्या जागा) साठवणं-भरणं किरकोळ. खरी किंमत कॅश मेमरीची, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीची. नव्या कोअरच्या कॅशमध्ये तुमचा डेटा नसतो, तो पुन्हा भरावा लागतो. शेड्यूलरला हे कळतं. सर्वसाधारण सेटिंगमध्ये गेल्या ५०० मायक्रोसेकंदांत चाललेला थ्रेड तो ‘गरम’ मानतो आणि शक्यतो हलवत नाही. शिवाय एकाच कॅशवर बसलेल्या कोअरमध्ये देवाणघेवाण सहज होते; अनेक सॉकेटच्या (एकापेक्षा जास्त प्रोसेसर-चिपच्या) सर्व्हरवर दूरच्या मेमरीकडे थ्रेड नेताना तो बराच हात राखतो.

तो चुकत नाही असं नाही. २०१६ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं होतं की मोठ्या मशीनवर थ्रेड रांगेत थांबलेले असताना काही कोअर चक्क रिकामे राहत होते. पण तुमच्या लॅपटॉपवर टास्कसेट या कमांडने थ्रेड बांधलात, तर शेड्यूलरची चूक टळण्याऐवजी त्याची दुरुस्ती करायची वाट बंद होईल: कोअर ३ वर ब्राउझरचं काम आलं की तुमचा थ्रेड थांबेल, आणि शेजारचा मोकळा कोअर त्याला हातही लावू शकणार नाही. बांधणं शोभतं ते कोअर आधीच बाकीच्या कामांपासून राखून ठेवलेले असतात तिथे, म्हणजे नेटवर्क पॅकेट हाताळणारे सर्व्हर वगैरे.

आधी मोजून बघा. टॉप ही कमांड सुरू करा, शिफ्ट-एच दाबून थ्रेड वेगळे करा, मग एफ दाबून पी हा रकाना चालू करा. थ्रेड शेवटचा कोणत्या कोअरवर होता ते दिसेल. नेमका आकडा हवा तर प्रोग्रॅम ‘परफ स्टॅट’ या कमांडखाली चालवा, त्यात सीपीयू-मायग्रेशन्सची, म्हणजे या उड्यांची, ओळ असते. सेकंदाला दहा-वीस उड्या असतील तर वेग तिथे जात नाहीये. मग त्याच्याच वरची कॉन्टेक्स्ट-स्विचेसची (कोअरवरचा थ्रेड किती वेळा बदलला त्याची) ओळ बघा. ती फुगलेली असेल तर थ्रेड बहुधा एकमेकांच्या लॉकवर (वरच्या कुलपासारख्याच) अडताहेत. तसं निघालं तर तो लॉक असलेला कोड इथे टाका, मी बघतो.