लहान सिनेमाला सूट देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली परीक्षणं सावकाश वाचली. हात चांगला आहे, वाक्य सरळ चालतं. एक गोष्ट मात्र खटकली, ती आधी सांगते. मोठ्या बॅनरचा सिनेमा असला की तू कसून तपासतोस. पटकथा कुठं फसली, संकलन कुठं ढिलं पडलं, सगळं नेमकं दाखवतोस. आणि कमी पैशांतला, कुणी ओळखीचा चेहरा नसलेला सिनेमा समोर आला की एकदम हळवा होतोस. ‘धाडसी प्रयत्न’, ‘आवर्जून पाहावा असा’, साडेतीन स्टार, संपलं. अरे, एका सिनेमामागं कित्येक वर्षं घालवलेल्या माणसाच्या पाठीवर थाप कुणीही मारेल. आपलं काम कुणी नीट बघितलं का, हे त्याला तुझ्या चारशे शब्दांतूनच कळणार असतं. तिथं तू सूट दिलीस की तू त्याचं काम बघितलंच नाहीस, असा त्याचा अर्थ होतो.

ही सूट येते कुठून, तर विषयातून. विषय गंभीर म्हणून सिनेमा चांगला, असं आपण नकळत धरून चालतो. मग परीक्षणात जातिव्यवस्था येते, शेतकरी येतो, न्यायव्यवस्था येते, आणि कॅमेरा कुठं ठेवला होता हे कुठंच येत नाही.

‘कोर्ट’ हा सिनेमा पुन्हा काढून बघ. 2014 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला, मग राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि एप्रिल 2015 मध्ये आपल्याकडं लागला. ‘न्यायव्यवस्थेवर प्रहार’ असं लिहून त्यातून मोकळं होणं फार सोपं आहे. पण दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं काय केलंय ते बघ. कोर्टाच्या खोलीत कॅमेरा लांब, एका जागी ठेवलाय. महत्त्वाचा माणूस बोलायला लागला म्हणून तो जवळ सरकत नाही. त्यामुळं बाकावर ताटकळणारे, फायली हलवणारे, दुसऱ्याच कुठल्या खटल्यासाठी आलेले, सगळे आपल्याला दिसत राहतात, आणि शाहीर नारायण कांबळेचा खटला त्या रगाड्यातला एक होऊन जातो. एका बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकून घेत नाहीत. तिथंही कॅमेरा आहे तिथंच. दिग्दर्शक कुठंही आवाज चढवत नाही, म्हणून चीड आपल्याला येते. हे असं का घडतं ते वाचकाला समजावून सांगितलंस, तर तू परीक्षण लिहिलंस.

शाहिरावर आरोप आहे तो गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येला चिथावल्याचा. मॅनहोलमध्ये मेलेल्या त्या कामगाराच्या बायकोची साक्ष सिनेमात आहे. आत उतरण्याआधी तो खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली की आत हवा आहे असं समजायचं. ती हे सांगते तेव्हा आवाजात कसलाही चढउतार नाही. ही भूमिका करणाऱ्या उषा बने व्यावसायिक अभिनेत्री नव्हेत. शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार हेही नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक, 2021 मध्ये कोविडनं ते गेले. त्यांच्यासमोर सरकारी वकील म्हणून उभी आहे गीतांजली कुलकर्णी, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडीत) शिकलेली, रंगभूमीवर मुरलेली. या सगळ्यांचा सूर एका पट्टीत लागला कसा, हा प्रश्न तुला पडायला हवा. मला सापडलेलं उत्तर असं, की गीतांजलीनं कायद्याची कलमं वाचताना आवाजातला सगळा अभिनय काढून टाकलाय. वाण्याची यादी वाचावी तशी ती कलमं वाचते. शिकलेली नटी आपणहून खाली उतरून न शिकलेल्यांच्या शेजारी येऊन बसली, आणि त्यामुळं कुणीच ‘भूमिका करतंय’ असं वाटत नाही. ‘सर्वांचा अभिनय सहज’ या तीन शब्दांत यातलं काय पोचतं, सांग बरं.

मग उणंही तितक्याच प्रेमानं लिही. सुट्टी लागते, कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवतात आणि पडदा बराच वेळ काळोखात राहतो. माझ्या मते सिनेमा तिथं पुरा होतो. त्यानंतर न्यायाधीशांची सहल येते, बाकावर डुलकी लागलेली असताना पोरं ओरडून त्यांना उठवतात आणि ते एका पोराला थोबाडीत मारतात. न्यायाधीशही घरच्या समजुती घेऊनच खुर्चीत बसतो, हे तोवर आपल्याला कळून चुकलेलं असतं. थोबाडीत मारून ते अधोरेखित केलंय. तुला हे पटणार नाही कदाचित. मग का पटत नाही ते मला लिहून कळव, पण दृश्याला धरून लिही.

नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’बद्दलही तसंच. गावातली डुकरं पकडावी लागणाऱ्या दलित कुटुंबातला पोरगा जब्या शेवटी आपल्या दिशेनं दगड भिरकावतो, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, आणि तो शेवट मोठाच आहे. पण मला विचारशील तर नागराज मंजुळेची खरी ताकद त्याच्या थोडं आधी दिसते. डुकराचा पाठलाग ऐन रंगात आलेला असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुकराला राष्ट्रगीत माहीत नाही, ते निघून जातं. एकही शब्द नाही. हसू येतं, आणि येता येताच अडकतं. दगड आपल्याला उद्देशून आहे. इथं दिग्दर्शक आपल्याकडं बघतही नाही, आणि म्हणून आपण जास्त सापडतो.

आता माहितीपट. इथं तुझा गोंधळ जास्त होतो, कारण पडद्यावर खरी माणसं दिसली की तू प्रश्न विचारणं थांबवतोस. माहितीपटही रचलेलाच असतो. शेकडो तासांच्या चित्रणातून दीड तास उचललेला असतो, आणि जे उचललं नाही तेही दिग्दर्शकाचं म्हणणंच असतं.

पहिलं बघायचं ते हे, की किती काळ दिलाय. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी पूर्वी आपल्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचं गाणं चित्रित केलेलं होतं. त्या मृत्यूपासून सुरू झालेला पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. त्या काळात गोळीबाराचा खटला रखडतो, राजकीय आघाड्या बदलतात, गाणाऱ्यांची नवी पिढी उभी राहते आणि तिच्याही मागं पोलीस लागतात. हे एका वर्षात उरकलेल्या माहितीपटाला जमणारच नाही. पटवर्धन कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतात, त्यांचा आवाज आपल्याला ऐकू येतो, त्यांची बाजू उघड असते. ‘एकांगी आहे’ असा शेरा मारण्याआधी हे लक्षात घे, की त्यांनी बाजू लपवलेली नाही. उघड बाजूशी वाद घालता येतो.

याच्या उलट पद्धत बघायची तर सर्वनिक कौरचा ‘अगेन्स्ट द टाइड’. मुंबईतले दोन कोळी मित्र. एक वडिलोपार्जित रीतीनं किनाऱ्याजवळ जाळं टाकतो. दुसरा स्कॉटलंडला शिकून आलेला, खोल समुद्रात बोटी नेणारा, आणि बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडं ओढला जाणारा. दोघं कॅमेरा नसल्यासारखे भांडतात, पितात, पुन्हा जवळ येतात. 2023 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात याचा गौरव झाला तो याच शैलीसाठी. इथं दिग्दर्शिकेचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तिची बाजूच नाही, असं समजू नकोस. दोन बोटींमध्ये ती केव्हा ये-जा करते, एकाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात कुठल्या क्षणी कट करते, तिथं तिचं म्हणणं आहे. आणखी एक प्रश्न तिला भेटशील तेव्हा विचारच: बेकायदा गोष्टीकडं वळणाऱ्या माणसानं ते चित्रित करू दिलं, तर त्याआधी त्याला काय सांगितलं होतं, आणि पुरा सिनेमा त्याला आधी दाखवला का.

हा प्रश्न कोरडा नाही. ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत होता, सगळीकडं आनंद होता. सोहळ्याच्या तोंडावर ‘खबर लहरिया’नं, म्हणजे ज्यांच्यावर सिनेमा आहे त्याच पत्रकार बायकांच्या संस्थेनं निवेदन काढलं. सिनेमा ताकदीचा आहे, पण आम्ही एकाच पक्षाच्या बातमीदारीमागं लागलोय असं त्यातून दिसतं आणि ते अचूक नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दिग्दर्शकांनी वर्षानुवर्षं चित्रण केलं होतं, त्यांनाही निवडीचा हक्क आहेच. पण परीक्षण लिहिणाऱ्यानं या वादाची दखल घ्यायलाच हवी. पडद्यावरच्या माणसांना काय वाटलं हे शोधण्यासाठी एक फोन करावा लागतो, तो कर.

आता थोडं रोजच्या कामाचं. माहितीपटाची लिंक येते, चोरून पसरू नये म्हणून तुझं नाव पडद्यावर आडवं छापलेलं असतं, आणि तू ते लॅपटॉपवर, मध्ये चहा, मध्ये फोन, असं बघतोस. निदान हेडफोन लाव. रोहन परशुराम कानवडेच्या ‘साबर बोंडं’ या कथापटाला पार्श्वसंगीत नाही. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला तरुण, जुना मित्र, मुलाचं मन ओळखून असलेली आई, हे सगळं घरातल्या आणि रानातल्या आवाजांवर उभं आहे. ते आवाज कानात गेले नाहीत तर ‘गती संथ’ एवढंच लिहिशील. 2025 मध्ये सनडान्सला त्याला परीक्षक मंडळाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते एका वाक्यात सांग आणि पुढं जा. पारितोषिक ही बातमी आहे, तुझ्या मताचा पुरावा नव्हे.

अशा सिनेमांना शो मिळतात ते दुपारचे, कुठल्यातरी एका पडद्यावर, आणि पुढच्या शुक्रवारी ते उतरलेले असतात. म्हणून परीक्षण रविवारच्या पुरवणीपर्यंत राखून ठेवू नकोस. शुक्रवारी सकाळी छापून येईल असं बघ, आणि शहरात कुठं, किती वाजता लागलाय ते शेवटच्या ओळीत दे. त्यासाठी एखादं विशेषण कापावं लागलं तर काप. जागा कमी म्हणून डेस्कवर हुज्जत घालावी लागेल; ती घाल.

दिग्दर्शक तुझ्या वयाचे आहेत, मैत्री होणारच. होऊ दे. फक्त ज्याच्या पटकथेचा कच्चा खर्डा तू वाचलास, सल्ला दिलास, त्याच्या सिनेमावर परीक्षण दुसऱ्याला लिहू दे.

‘अगेन्स्ट द टाइड’वर नव्याने लिही, आठशे शब्दांत, स्टार न देता. दोन घरांमधले ते कट नोंदवून ठेव आणि खर्डा मला पाठव. मी समासात लिहून परत करीन.

तुझी,
ताई