शंका-समाधान : आरशावरचा ओरखडा, भिंगातला डाग

प्रश्न : १५० मिमीची जुनी परावर्ती दुर्बीण विकत घेतली. आरशावर बोटभर ओरखडा आहे, मुलाम्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकंही पडलीत. शनीची कडी धूसर दिसते. आरसा घासून घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : मुळीच घासू नका. ओरखडा ६० मिमी लांब आणि ०.१ मिमी रुंद धरला, तरी त्याने अडवलेली जागा ६ चौ. मिमी. आरसा आहे सुमारे १७,७०० चौ. मिमी. नळीतला तिरपा छोटा आरसा ४० मिमीचा असेल, तर त्याची सावली या ओरखड्याच्या दोनशे पट जागा खाते, आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. ओरखड्यावरून विखुरलेला प्रकाश फार तर चंद्राच्या कडेला फिकट झाक आणील. भोकांचंही तेच.

संशय घ्यायचा तो आकारावर, म्हणजे आरशाच्या वक्रतेवर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर. तरंगात तिच्या चौथाईहून जास्त चूक झाली की प्रतिमा बिघडते. आरशावरून प्रकाश परतताना चूक दुप्पट होते, म्हणून काचेवर मुभा उरते सुमारे ७० नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या जवळपास हजाराव्या भागाची. घरी सेरियम ऑक्साइड (काच पॉलिश करायची पूड) लावून घासलंत तर मुलामा जाईलच, आकारही जाईल.

दुर्बीण तासभर उघड्यावर निवू द्या, आरशांची जुळणी तपासा. मग १५० पट वर्धनाने ध्रुवतारा बघा. तो जागचा फारसा हलत नाही. डोळ्याजवळचं भिंग फोकसच्या आत आणि बाहेर सारखंच सरकवा. दोन्हीकडे वलयं सारखी दिसली तर आरसा निर्दोष, दोष त्या रात्रीच्या हवेचा. एकाच बाजूला बाहेरचं वलय फिसकारलेलं, केसाळ दिसलं तर आरशाची कड ढळलेली आहे. घाईत पॉलिश केलेल्या आरशांत हे नेहमीचं. आरशाच्या पुढे, काचेला न टेकवता, आतून १४० मिमी व्यासाचं काळ्या कार्डाचं कडं बसवा. १३ टक्के प्रकाश जाईल, पण शनीची कडी सुटी दिसतील.

प्रश्न : कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) तपासायच्या कॅमेऱ्याचं भिंग मागवतोय. कोटेशनमध्ये ‘६०-४०’ लिहिलंय. चालेल का?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : हे आकडे काचेच्या पृष्ठभागावर किती दोष चालतील ते सांगतात. पहिला आकडा ओरखड्याचा. तो रुंदी सांगत नाही, प्रमाण नमुन्याशेजारी धरून नजरेनं ठरवतात. दुसरा खड्ड्याचा, मिमीच्या शंभराव्या भागात. ४० म्हणजे ०.४ मिमी. पुढच्या भिंगाला ६०-४० खुशाल घ्या. सेन्सरलगतच्या काचेला मात्र २०-१० मागा, कारण तिथल्या खड्ड्याची सावली थेट चित्रात उतरते आणि ऑपरेटर तिला ब्लोहोल (ओतकामात वायूने पडलेलं भोक) समजून चांगला माल रिजेक्ट करतो. ओळखायची खूण सोपी : कास्टिंग सरकवा. डाग सोबत सरकला तर ब्लोहोल. जागीच राहिला तर भिंग त्याच्या बैठकीत थोडं फिरवा. डाग फिरला तर तो भिंगात, नाही फिरला तर सेन्सरच्या काचेवर.

तुमच्याकडे याहून मोठा शत्रू कूलंटचा धूर. त्याचा तेलकट थर सगळं चित्र पांढुरकं करतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मधून कडेकडे पुसा, दर वेळी कागदाची नवी बाजू. मशीन पुसायचं कॉटन वेस्ट भिंगाला लावू नका. त्यात लोखंडाचा कीस असतोच.