सलग ३६ बाद, तरी पराभव कसा?

प्रश्न : १९५९ साली एका अमेरिकी बेसबॉल सामन्यात पिचरने सलग ३६ फलंदाज बाद केले आणि तरी तो १-० ने हरला, असं वाचलं. चेंडू कुंपणापलीकडे गेला होता, मग धाव एकच कशी? आणि ‘परफेक्ट गेम’च्या यादीत त्याचं नाव का नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातली वही काढली. तीस वर्षं मी क्रिकेटचा स्कोअर लिहिला. बेसबॉलचा लिहायला मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा शिकलो, आणि सरावासाठी सगळ्यात आधी हाच सामना उतरवून काढला.

२६ मे १९५९, मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम. पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स फ्लूने कसकसत होता. समोर मिलवॉकी ब्रेव्ह्ज, आधीच्या दोन्ही वर्षी नॅशनल लीग जिंकलेला संघ. बेसबॉलमध्ये दर डावात तीन बाद. नऊ डावांत २७ फलंदाज आले आणि २७ गेले, पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर) एकही पोचला नाही. एरवी इथेच परफेक्ट गेम झाला असता. पण पायरेट्सनाही धाव निघेना. ब्रेव्ह्जचा पिचर लू बर्डेटला त्यांनी एकूण १२ हिट (बेस गाठून देणारे फटके) मारले आणि धावा शून्य! म्हणून जादा डाव. दहावा, अकरावा, बारावा, हॅडिक्स तसाच टाकत राहिला.

तेराव्या रकान्यातली पहिली नोंद ‘ई-५’. ‘ई’ म्हणजे चूक, ५ म्हणजे तिसऱ्या बेसचा खेळाडू. डॉन होकने फीलिक्स मॅन्टियाचा चेंडू अडवला, पण पहिल्या बेसकडची फेक बिघडली. आपल्या स्कोअरबुकात सुटलेला झेल किंवा गैरफेक कुणाच्या नावावर मांडत नाहीत. इथे ती कायमची मांडली जाते. ती नोंद करताना मला होकचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

मग एडी मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हळूच ढकलून, स्वतः बाद होऊन, मॅन्टियाला दुसऱ्या बेसवर नेलं. हँक ॲरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फटक्याविनाच पहिल्या बेसवर जाऊ दिलं. आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार मारला, म्हणजे होम रन.

खरं तर तीन धावा. पण चेंडू मैदानातच पडला आणि मॅन्टियाच्या धावेने सामना संपला, असं ॲरनला वाटलं. दुसऱ्या बेसपासून तो धावपट्टी सोडून वळला आणि मागून येणारा ॲडकॉक त्याला ओलांडून गेला. पुढच्या धावपटूला ओलांडलं की मागचा बाद. आधी २-० लावलं होतं. नंतर लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी होम रनऐवजी डबल (दोन बेसचा फटका) धरला. मग मॅन्टियाची धाव येताच सामना संपला, म्हणून १-०.

यादीचं म्हणाल, तर १९९१ मध्ये व्याख्या कडक झाली : सामना संपेपर्यंत एकही हिट नको. हॅडिक्सचं नाव तिथे गळलं. नियम म्हणून मला तो पटतो, कारण हिट बसला हे खरंच आहे. पण मेजर लीगमध्ये एकाच सामन्यात सलग बारा परफेक्ट डाव दुसऱ्या कुणीही टाकलेले नाहीत. तेव्हा यादीत शोधू नका, स्कोअरकार्ड पाहा. ॲडकॉक त्या विजयी फटक्यावर बाद धरला गेला ना, तो बादही हॅडिक्सच्याच खात्यात आहे. ३६, मग मॅथ्यूज, मग ॲडकॉक. एकूण ३८.