जहाजाची ग्रॅच्युइटी भरल्यावर धक्क्यावरच्या पोर्टरला वेगळी टिप द्यायची का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात मायामीहून क्रूझ आहे, ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप, बुकिंगच्या वेळीच भरलीय, मग टर्मिनलच्या दारात बॅगा घेणाऱ्या पोर्टरला परत टिप का द्यायची, आणि नाही दिली तर बॅगा खोलीपर्यंत पोचतील ना.

द्या. बॅगेमागे एक-दोन डॉलर. दोघांच्या तीन बॅगा असतील तर पाचाची नोट, मोठा गोतावळा असेल तर दहाची. आणि नाही दिलीत तरी बॅगा पोचतील. एवढंच हवं असेल तर इथे थांबा. पुढचं मी मुख्यतः आमच्या साडूभाऊंसाठी लिहितोय.

मार्च २०२३. दोन कुटुंबं, आठ माणसं, सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरावरून. गोष्ट सुरू होते ती मात्र विमानतळावर. साडूभाऊंची एक बॅग काट्यावर ५४ पौंड भरली. मर्यादा ५०. काउंटरवरच्या बाईंनी थंडपणे सांगितलं, शंभर डॉलर भरा नाहीतर वजन कमी करा. मग ते नेहमीचं दृश्य: रांगेच्या मधोमध बॅग उघडी, मेहुणी गुडघ्यावर बसलेली, मागची माणसं दुसरीकडे बघितल्यासारखं करतायत. दोन जीन्स, बुटांचा एक जोड आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड आमच्या निळ्या बॅगेत आलं. टॉवेलात काय आहे ते मी विचारलं नाही. अशा वेळी कोण विचारतं?

फोर्ट लॉडरडेलला उतरलो, व्हॅनने टर्मिनलला गेलो. व्हॅन थांबायच्या आत पोर्टर ट्रॉली घेऊन हजर. साठीचा असेल, पाठीला पट्टा बांधलेला. साडूभाऊंचे टॅग घरी प्रिंट करून, घडी घालून, प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्यांचं सगळं तसंच असतं. आमच्या निळ्या बॅगेचा कागदी टॅग विमानतळावरच फाटला होता. पोर्टरने एक शब्दही न बोलता कमरेचा स्टेपलर काढला, खिशातला कोरा टॅग घेतला, खोलीचा नंबर विचारून मार्करने लिहिला, हँडलभोवती गुंडाळला आणि दोन पिना मारल्या. टॅग ओढूनही बघितला. आमच्या चार आणि साडूभाऊंच्या तीन, अशा सात बॅगा ट्रॉलीवर चढल्या.

माझ्याकडे सुटे नव्हते. विसाची नोट होती, ती दिली आणि म्हटलं, सातही बॅगांचे. त्याने मान डोलावली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

साडूभाऊंनी हे बघितलं. "अरे, माणशी रोज सोळा डॉलर भरलेत ना आपण? त्यात हे नाही येत?" मराठीत म्हणाले, पण तो सूर कुठल्याही भाषेत कळतो.

तर साडूभाऊ, आणि प्रश्नकर्ते तुम्हीही: नाही येत. ती रोजची ग्रॅच्युइटी जहाजावरच्या लोकांची. खोली आवरणारे, जेवण वाढणारे, पडद्यामागे राबणारे. धक्क्यावरचा पोर्टर जहाजाचा नोकरच नसतो. तो बंदराचा कामगार. फ्लोरिडात बऱ्याच ठिकाणी आयएलए या गोदी कामगारांच्या युनियनचा सदस्य असतो, पश्चिम किनाऱ्यावर आयएलडब्ल्यूयूचा. तुमचं जहाज संध्याकाळी निघून जातं, तो तिथेच असतो. तुमच्या बॅगेशी त्याचा संबंध जेमतेम दहा मिनिटांचा. त्यानंतर ती मोठ्या लोखंडी पिंजऱ्यात जाते, एक्स-रेखालून जाते, फोर्कलिफ्टने जहाजात चढते, आणि मग जहाजाचे कर्मचारी मजल्याप्रमाणे वाटून खोल्यांच्या दाराशी आणून ठेवतात. हजारो बॅगा असतात. कुणाची दुपारी तीनला येते, कुणाची रात्री आठला.

साडूभाऊंच्या तिन्ही साडेतीनला आल्या. आमच्या तीन सहापर्यंत. निळी आलीच नाही.

निळीत बायकोचे सगळे कपडे होते. पहिल्या रात्री सगळी मंडळी नटूनथटून जेवायला, आणि ही प्रवासातल्या टी-शर्टवर. सूप यायच्या आत साडूभाऊ म्हणाले, "काय रे, वीस डॉलरवाली बॅग आली का?" टेबल हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

जेवून परत आलो तर दारात चिठ्ठी. बॅग सुरक्षा विभागात आहे, येऊन घेऊन जा. खाली सर्वांत तळाच्या मजल्यावर गेलो तर तिथे ही रांग. एकाच्या हातात एक्स्टेंशन बोर्ड. एकाने पाण्याच्या बाटलीत दारू भरून आणलेली, तो अजूनही ते पाणीच आहे म्हणून सांगत होता. माझा नंबर आला. हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्याने माझ्यासमोर निळी बॅग उघडली, टॉवेल बाहेर काढला, टॉवेल उलगडला. आत इस्त्री.

आगीच्या भीतीने जहाजांवर इस्त्रीला बंदी असते. बुकिंगबरोबर येणाऱ्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत ती अगदी वरच असते. आमच्या घरात इस्त्री घेऊन प्रवास करणारी व्यक्ती एकच. साडूभाऊंना घडी मोडलेला शर्ट चालत नाही. मी पावतीवर सही केली, इस्त्री जप्त झाली, बॅग घेऊन वर आलो. पावणेदहा वाजले होते.

वाटलं होतं, आता तरी विषय संपेल. साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वीस डॉलर देऊनही बॅग अडकलीच ना?"

तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक वाढदिवसाला हा किस्सा होतो. त्यात इस्त्री नसते. "याने पोर्टरला वीस डॉलर दिले आणि याचीच बॅग शेवटी आली," एवढाच.

ऑक्टोबर २०२४मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा तीन दिवस संप झाला, तेव्हा साडूभाऊंनी फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली. मूळ दर तासाला ३९ डॉलर, वाढून ६३ होणार. खाली लिहिलं: "यांना टिप?" तीन मेहुण्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देतो. संप ज्या करारासाठी होता, तो करार कंटेनर आणि गाड्यांच्या मालाचा होता. ३९ हा त्यातला वरचा दर, सगळ्यांना मिळणारा नव्हे. क्रूझचे प्रवासी आणि त्यांच्या बॅगा तर संपातून वगळल्याच होत्या, युनियननेच तसं जाहीर केलं होतं. आणि समजा पोर्टरला भरपूर मिळतात. काही बंदरांत खरंच चांगले मिळतात. मग? तुमची पन्नास पौंडांची बॅग त्याच्या पाठीवर हलकी होते का? तुम्हाला ती स्वतः उचलून, एक्स-रेच्या रांगेत ढकलत, लिफ्टसाठी थांबत वर न्यायची नाहीये, म्हणून तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत. त्याने उचलली. विषय संपला.

दुसरा मुद्दा, टिप देऊन उपयोग काय. उपयोग काहीच नाही. ती लाच नाही. पोर्टरला टिप दिली म्हणून एक्स-रेच्या यंत्राला इस्त्री दिसायची थांबत नाही. पण ग्रुपवरच्या कुणाच्याच डोक्यात न आलेली गोष्ट सांगतो. त्या विसाच्या नोटेत साडूभाऊंच्याही तीन बॅगा होत्या. तोच पोर्टर, तीच ट्रॉली, तीच नोट. टिपेचा गुण मानायचाच असेल तर तो साडेतीनला त्यांच्याच दारात पोचला.

बरं, तुमच्यासाठी थोडं कामाचं. एक-एक, पाच-पाचच्या नोटा घरूनच खिशात ठेवा, बॅगेत नको, कारण बॅग जाते. टर्मिनलच्या दारात सुटे मागत बसायला वेळ नसतो, मागे गाड्यांची रांग लागते. बॅगा ट्रॉलीवर चढल्या की हातात द्या. पासपोर्ट, औषधं, पोहायचे कपडे आणि एक जेवायला जायचा जोड हातातल्या पिशवीत. हे आमच्या हिला विचारा. लहान बॅगा स्वतः ओढत नेणार असाल तर पोर्टरचा संबंधच नाही, मग टिपेचाही नाही. आणि एखादा तोंड उघडून, आकडा सांगून पैसे मागायला लागला तर सरळ बॅग उचला आणि शेजारच्याकडे द्या. मी टिपेच्या बाजूचा आहे, दादागिरीच्या नाही.

परतताना टर्मिनलमध्ये बॅगा रांगेत मांडलेल्या असतात, तिथेही पोर्टर असतात. हवा असेल तर घ्या, तो इमिग्रेशन-कस्टमपासून गाडीपर्यंत बरोबर येतो. त्याचे पैसे वेगळे, आणि तिथे मी जास्त देतो कारण काम जास्त आहे.

हे सगळं अमेरिकेतल्या बंदरांचं. युरोपात अशी अपेक्षा फारशी नसते, आणि जपानात तर टिप द्यायला गेलात तर समोरचा माणूस अवघडतो. तिथे उगाच नोटा पुढे करू नका. हे मी वर लिहायला हवं होतं खरं तर.

इस्त्री शेवटच्या सकाळी परत मिळाली. पावतीवर सही माझी, म्हणून मलाच. ती अजून आमच्या कपाटात आहे. वीस डॉलर, सात बॅगा, त्यातल्या तीन साडूभाऊंच्या, म्हणजे त्यांचा हिस्सा आठ डॉलर सत्तावन्न सेंट. तो पोचला की इस्त्री घरपोच देईन.