नवरा अमेरिकन नौदलात आहे, जहाज निघाल्यावर 'ओम्बुड्समन'चा फोन आला. ही बाई कोण, तिला घरचं सांगावं का?

सांगा की! बहुतेकदा ती तुमच्यासारखीच, त्याच जहाजावरच्या कुणाची तरी बायको असते. पगार नाही, कमांडिंग ऑफिसरने लेखी नेमलेली आणि प्रशिक्षण घेतलेली स्वयंसेविका. तेव्हाचे अमेरिकन नौदलप्रमुख ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट यांनी १४ सप्टेंबर १९७० रोजी ही पद्धत सुरू केली. शब्द मूळचा स्वीडिश.

समजा, पगार अडकला आणि घरभाडं तोंडावर आलंय. ती पैसे देणार नाही, पण कुठल्या दारात जायचं ते नेमकं सांगेल, आणि अडलंच तर जहाजाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत पोचवेल. घरी कुणी अत्यवस्थ असेल तर जहाजावर निरोप रेड क्रॉसमार्फत जातो. तो कसा पाठवायचा, हेही तिलाच विचारा. मुलं सांभाळणं, गाडीतून ने-आण करणं मात्र तिचं काम नाही. (लोक तेही मागतात!)

तुमचं बोलणं ती चारचौघांत नेणार नाही. अपवाद आहेत: मुलांचा छळ, घरातली मारहाण, आत्महत्येचा धोका. अशी गोष्ट तिला वर कळवावीच लागते.

आणि हो, जहाज परतण्याची तारीख कळली तर जहाजाच्या सुरक्षेसाठी ती व्हॉट्सॲपवर टाकू नका.