सुई घेतली अन् पाळीच बंद झाली

ऐन नोव्हेंबरात कापूस वेचायची मजुरी बुडवून कोणी दवाखान्यात येत नाही. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर सासू-सून सकाळी नऊलाच बसलेल्या दिसल्या, तेव्हाच घरात काहीतरी पेटलंय हे कळलं.

सुनेच्या कडेवर सव्वा वर्षाचं लेकरू. 'अंतरा'चे, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायच्या सुईचे, दोन डोस झालेले, जून आणि सप्टेंबरात. सुरुवातीला महिनाभर मधूनमधून डाग, मग पाळी गायब.

"मॅडम, चार महिने झाले, पाळीच नाही हिले. सारं खराब रगत पोटात साचून राह्यलं असन. उद्या लेकरूच नाही झालं तं?" सासूबाई एका दमात बोलल्या.

सुई देताना काय सांगितलं होतं, असं सुनेला विचारलं. "काही नाही होत म्हणे." हे आमच्याच लोकांचं लाडकं वाक्य. रांग मोठी, वेळ कमी, म्हणून ते तोंडात येतं. आणि नंतर दारोदार बोलणी खाते ती आशाताई.

आधी लघवीची तपासणी करून घेतली. गर्भ नव्हता. मग सासूबाईंकडे वळले. "काकू, लेकरं अंगावर पीत होती तेव्हा तुम्हाला पाळी यायची?"

"नाही. धाकट्याच्या वक्ती तं वर्षभर नाही आली."

"मग ते रक्त कुठं साचलं?"

त्या गप्प. मी अंगणाचं बोलले. सारवणावर सारवण चढलं की पोपडे निघतात. सारवलंच नाही तर पोपडा कशाचा निघणार? गर्भाच्या पिशवीचं तसंच. या औषधानं आतला थर जाड होत नाही, म्हणून पडायला काही उरत नाही. सासूबाई पहिल्यांदा हसल्या.

लेकराचं मात्र गोड करून सांगितलं नाही. सुई बंद केल्या केल्या दिवस राहतीलच असं नाही. शेवटच्या सुईपासून साधारण 7 ते 10 महिने लागतात. दुसरं तीन वर्षांनी हवं असेल तर तो हिशेब आधीच धरायचा.

बोलता बोलता कळलं, दोन्ही वेळा सासूबाईंनी दंड चोळून गरम फडक्यानं शेकला होता. मायेनंच. पण टोचल्या जागी चोळायचं नाही, शेकायचं नाही. औषध लवकर पसरतं आणि असर कमी होतो. हेही कोणी सांगितलं नव्हतं.

सुनेनं हळूच विचारलं, "छाया घेऊ का?" छाया ही दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. आशाताईकडे मिळते. पण तिनंही काहींची पाळी लांबते, हे सांगितलं. नाहीतर तीन महिन्यांनी हाच बाक, हेच भांडण. सुईवर असताना फार रक्त अंगावर गेलं किंवा डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली तर मात्र थांबायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा.

"घरी विचारून सांगते," म्हणाली. मी आग्रह केला नाही.

डिसेंबरातली पुढच्या सुईची तारीख उलटली. आशाताई दोनदा घरी जाऊन आली. वेचणी चालू, घराला कुलूप. एकोणिसाव्या दिवशी सून एकटीच आली. 28 दिवसांपर्यंत उशीर चालतो, त्यामुळे डोस देता आला. कार्ड पोलक्यातून काढलं, घामानं ओलं झालेलं. सुई टोचून झाली तशी म्हणाली, "बुढीनं सांगतलं, चोळू नको म्हणून."